साडेतीन हजार किलोमीटर, साडेचारशे वर्षे

मुंबईच्या विमानतळापासून जेद्दाच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा, तसे. प्रवासी विमानाला हे अंतर कापायला सव्वापाच-साडेपाच तास लागतात. येताना त्यातले अर्धा-पाऊण तास वाचतात, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पाठीवर थाप मारल्यासारखे पुढे ढकलतात. जेद्दाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. त्यामुळे सकाळी दहाला मुंबई सोडलेला माणूस तिथल्या घड्याळात दुपारी पावणेएकला उतरतो. अरबी समुद्र आणि अख्खा अरबस्तान त्याने जणू पावणेतीन तासांत ओलांडला! हे उसने घेतलेले अडीच तास घड्याळ परतीच्या वाटेवर वसूल करून घेते, ती गोष्ट वेगळी.

आता दुसरा हिशेब पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातले आमचे वैराग मुंबईपासून रस्त्याने चारशेएक किलोमीटरवर आहे. संध्याकाळी एस.टी.त बसलेला माणूस उजाडता उजाडता मुंबईत पोचतो. म्हणजे चारशे किलोमीटरला एक अख्खी रात्र आणि साडेतीन हजार किलोमीटरला सव्वापाच तास. वैरागहून हजला जाणाऱ्या माणसाचा निम्म्याहून अधिक प्रवासवेळ महाराष्ट्रातच खर्च होतो. विमानतळावर काही तास आधी हजर राहावे लागते, ते यात धरलेलेच नाहीत.

मंडळी, अंतर म्हणजे किती किलोमीटर हे आपण चटकन सांगतो. पण किती वेळ, हे विचारले की उत्तर नुसत्या नकाशात सापडत नाही. मुंबई आणि जेद्दा आपापल्या जागा सोडून कधी हलले नाहीत. तरीही आपल्या किनाऱ्यावरून तिथे जाण्यायेण्याचा प्रवास कधी सहा वर्षांचा झाला, कधी काही महिन्यांचा, कधी आठवड्याचा, तर आता काही तासांचा. आणि काही वर्षे तर तो होऊच शकला नाही. हे असे का झाले, याची ही गोष्ट.

पहिली कित्येक शतके हा प्रवास वाऱ्याच्या हाती होता. आमच्या भागावर तेव्हा कधी निजामशाहीचा, कधी आदिलशाहीचा अंमल असे. सोलापूरच्या किल्ल्यासाठी या दोघांनी किती रक्त सांडले ते इतिहासाच्या पुस्तकात आहेच. आदिलशाही मुलखातल्या हाजींचे मोठे बंदर म्हणजे कोकणातले दाभोळ. मोगलांच्या मुलखाचे बंदर सुरत. सुरतेला तर 'बाबुल मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा, असे नावच पडले होते. या बंदरांतून शिडाची जहाजे ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्राकडे निघत. हा वारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत टिकतो. पुढे जूनपासून नैऋत्येचा वारा येतो, तोच आपला पाऊस आणणारा. ऐन पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याची बंदरे बंद असत. वाऱ्याचा जोर ओसरू लागला की त्याच्याच शेवटच्या लाटेवर जहाजे माघारी येत.

इथपर्यंत गणित सोपे आहे. अडचण पुढे आहे. वाऱ्याचे वेळापत्रक सूर्यावर चालते आणि हजचे चंद्रावर. पंढरपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना हे लवकर समजेल. आषाढी दहा-पंधरा दिवस मागेपुढे होते, पण ती पावसाळा सोडून जात नाही, कारण पंचांगात अधिक महिना धरून चंद्राला सूर्याच्या रांगेत परत आणले जाते. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून हजचा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. म्हणजे एखाद्या वर्षी हज एप्रिलमध्ये आला तर मार्चमध्ये सुटलेले जहाज अगदी वेळेवर पोचे. पण तोच नोव्हेंबरात आला तर? मार्चमध्ये निघालेल्या माणसाने सहा-सात महिने मक्केत वाट पाहायची, हज करायचा आणि मग परतीच्या वाऱ्यासाठी पुढचा उन्हाळा उलटेपर्यंत पुन्हा थांबायचे. दीड वर्ष गेले! जहाज प्रत्यक्ष समुद्रावर असे ते काही आठवडेच, बाकीचे सगळे थांबणे.

वारा अनुकूल असला तरी माणसे अनुकूल असतीलच असे नव्हते. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक होता. जहाज बंदराबाहेर काढायचे तर त्यांचा परवाना लागे, त्याला 'कार्ताझ' म्हणत. परवान्याशिवाय सापडलेले जहाज जप्त होई. त्या कागदावर ख्रिस्ती धर्मचित्रे असत. असा कागद खिशात घालून हजला जावे की नाही, यावर अकबराच्या काळातल्या विद्वानांत वाद झडले होते.

याच काळातली गुलबदन बेगमची यात्रा पाहण्यासारखी आहे. गुलबदन ही बाबराची मुलगी, हुमायूनची बहीण आणि अकबराची आत्या. राजघराण्यातल्या स्त्रियांचा मोठा काफिला घेऊन ती १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून निघाली. बादशहाची आत्या, पण तिलाही परवान्याच्या घोळात सुरतेत जवळजवळ वर्षभर अडकून पडावे लागले. १५७६ मध्ये जहाज सुटले. अरबस्तानात या स्त्रिया तीन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. परत येताना एडनजवळ जहाज फुटले आणि तिथे कित्येक महिने गेले. १५८२ मध्ये गुलबदन पुन्हा फत्तेपूर सिक्रीला पोचली. ही झाली हिंदुस्थानच्या सर्वांत समर्थ घराण्याची गोष्ट. वैरागच्या किंवा बार्शीच्या एखाद्या विणकराने या वाटेवर पाऊल टाकले असेल, तर त्याने काय हिशेबाने टाकले असेल? पुढे १६९५ मध्ये तांबड्या समुद्राकडून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ई-सवाई' हे प्रचंड जहाज इंग्रज चाच्याने लुटले. बादशाही जहाजाचीही खात्री नव्हती, हे लोकांना त्यातून पुन्हा एकदा कळले.

निघणारा माणूस कर्ज फेडून, मृत्युपत्र करून, लोकांची माफी मागून निघे, ते काही उगाच नाही. परत येईन याची शाश्वती कोणालाच नसे.

वाऱ्याची ही सत्ता मोडली वाफेने. 'ह्यू लिंडसे' नावाची मुंबईत बांधलेली आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि सुमारे बत्तीस दिवसांत सुएझला पोचली. वाटेत कोळसा भरण्यात बरेच दिवस गेले, तरी वाऱ्याची मर्जी न सांभाळता बोट जाऊ शकते हे सिद्ध झाले. आता प्रश्न उरला कोळशाचा. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या वखारीची ही गरज मोठी होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून तांबड्या समुद्राकडे बोटींची रांग लागली.

जमिनीवरही तेच घडत होते. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते असे धरले, तर वैरागहून मुंबईला सोळा ते वीस दिवस हवेत. लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला, १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पुरा झाला, आणि हेच अंतर दीड-दोन दिवसांत बसले. त्यातही बार्शीचा माणूस मुख्य मार्गापासून दूरच होता. बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तिथपासून बार्शीपर्यंतची एकवीस मैलांची वाट गाडीने किंवा पायीच. ती वाट १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने जोडली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही छोटी गाडी आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांची सोबतीण.

या छोट्या गाडीशी संबंध असलेली दोन माणसे पुढे आकाशापर्यंत गेली, ते थोडक्यात सांगतो. ही गाडी उभारणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याने पुढे वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांची ठेकेदारी सुरू झाली ती याच बार्शी लाइट रेल्वेच्या येडशीकडच्या मार्गाच्या कामापासून. १९१९ मध्ये ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत होते आणि १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढण्यात तेच पुढे होते. त्यांचे नाव आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

बार्शीला गाडी आली ते साल १८९७. पण त्याच साली हजची वाट बंद झाली होती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला होता. तो बोटींबरोबर जगभर जाईल या धास्तीने पुढच्याच वर्षी सरकारने हजची वाहतूक थांबवली. गाव ते बंदर हा प्रवास इतका सोपा पूर्वी कधी नव्हता. आणि बंदराचे दार मात्र लावलेले.

रोगराईची ही कहाणी त्याआधीची आहे. १८६५ मध्ये हजच्या दिवसांत मक्केत पटकीची साथ आली आणि परतणाऱ्या प्रवाशांबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोचली. जहाजे जलद झाली तशी रोगाचीही चाल वाढली. पूर्वी समुद्रावर आठवडेच्या आठवडे जात, तेवढ्यात साथ जहाजावरच विझून जाई. आगबोटीने तो अवधीच ठेवला नाही. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर १८८२ मध्ये क्वारंटाइनचे ठाणे उभे राहिले. हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींनी तिथे उतरायचे, कपडे वाफेत टाकायचे, ठरलेले दिवस उघड्या बेटावर काढायचे. कोणी आजारी निघाला तर मुक्काम लांबे. वाफेने वाचवलेले दिवस कामरानने असे काढून घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होते.

मुंबई ते जेद्दा समुद्रमार्गाने सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे ४,२०० किलोमीटरच्या वर. विमानाच्या वाटेपेक्षा साताठशे किलोमीटर जास्त, कारण जहाजाला एडनचा वळसा घालून बाबुल मंदेबच्या सामुद्रधुनीतून आत शिरावे लागते. ताशी बारा-तेरा सागरी मैल चालणाऱ्या बोटीला हे अंतर आठवडाभराचे. वाटेतले थांबे धरले तर पंधरवडासुद्धा.

या वाटेवर सर्वांत जास्त काळ दिसली ती मोगल लाइनची जहाजे. १८७७ मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे नंतरचे नाव. १९३७ च्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने या वाहतुकीत 'एल मदिना' आणि 'एल हिंद' ही जहाजे उतरवली. सोलापूरच्या एका जैन कुटुंबातल्या उद्योजकाची जहाजे हाजींना घेऊन जेद्दाला जात, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात फारशी सांगितली जात नाही. दोन कंपन्यांची स्पर्धा लागली, भाडे उतरले, आणि गरीब यात्रेकरूंचा फायदा झाला. मग महायुद्ध आले. मार्च १९४४ मध्ये 'एल मदिना' जपानी पाणबुडीने बंगालच्या उपसागरात बुडवली. पुढच्याच महिन्यात, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत झालेल्या महास्फोटात 'एल हिंद'ही गेली.

बोटीच्या प्रवासाला विसरून चालणार नाही असा एक वर्ग होता: डेकचे प्रवासी. केबिन मोजक्यांची, बाकी सगळे डेकवर. ट्रंका आणि वळकट्या मांडून केलेल्या भिंती, त्यात आपापले बिऱ्हाड. मलबारचा मच्छीमार, बंगालचा शेतकरी, सोलापूरचा विणकर एका रांगेत. पहिले दोन-तीन दिवस बोट लागून सगळे आडवे. मग हळूहळू ओळखी, नमाज, कोणी जाणता माणूस हजचे विधी समजावून सांगणारा, कोणी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या भाषेतले चार शब्द शिकणारा. कोणी वाटेत वारलाच तर त्याचे दफन समुद्रातच. आणि यलमलमच्या समोर आले की जहाजावर सूचना व्हायची. यलमलम हा मीकात, म्हणजे जिथून पुढे हाजीने एहरामचे बिनशिवलेले दोन पांढरे कपडे नेसूनच जायचे, ती मर्यादा. आंघोळी, कपडे, नियत यांना अर्धा दिवस मिळायचा. जहाजभर रंगीबेरंगी माणसे संध्याकाळपर्यंत पांढरी व्हायची.

याच डेकच्या प्रवाशांपैकी काही जण जेद्दाला अडकूनही पडत. जायचे भाडे जमवले, परतीचे नाही. अशी माणसे बंदरावर दयेची वाट पाहत बसत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. १९३२ मध्ये बंदरांवरच्या हज समित्यांचा कायदा झाला, तो या व अशा अनेक हालांच्या चौकशीनंतरच.

आणि १९३२ हेच आपल्या विमानाचेही साल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरून जुहूच्या मैदानावर उतरले. त्या छोट्या 'पस मॉथ' विमानात जेद्दापर्यंत एका दमात जाण्याची ताकद नव्हती. ती आली महायुद्धानंतरच्या विमानांत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या जातीचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चाले. जेद्दाचे अंतर त्याला सात-आठ तासांचे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि हे अंतर आजच्याएवढ्या तासांवर आले. लक्षात घ्या, त्यानंतर साठहून अधिक वर्षे झाली, पण मुंबई-जेद्दा उड्डाणाचा वेळ जवळजवळ तेवढाच आहे. यंत्राने द्यायचा होता तेवढा वेळ तेव्हाच देऊन टाकला. पुढे बदलले ते एवढेच, की हा वेळ कोणाला परवडतो.

सुरुवातीला तो थोड्यांनाच परवडला. केबिनची ऐपत असलेले विमानाकडे वळले, डेकवाले बोटीतच राहिले. १९८१ मध्ये जेद्दाचा नवा विमानतळ सुरू झाला. त्याच्या हज टर्मिनलवर कापडाच्या २१० तंबूंचे छत आहे आणि त्याच्या रचनेमागे ढाक्याजवळ जन्मलेल्या फझलूर रहमान खान या अभियंत्याचा हात होता. वाळवंटातल्या यात्रेकरूंचा तंबूच त्यांनी विमानतळावर उभा केला. इकडे मोगल लाइन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. जहाजे जुनी होत गेली, आणि १९९५ मध्ये 'अकबरी' या जहाजाच्या फेरीनंतर मुंबई-जेद्दा जलमार्ग थांबला.

एका अर्थाने ही प्रगतीच. म्हातारी माणसे हालांतून सुटली. पण जहाजाबरोबर डेकचे स्वस्त तिकीटही गेले. विमानभाड्यातला फरक भरून काढायला सरकारी अनुदान होते. त्याच्यावर देशात खूप चर्चा झाली, राजकारण तर त्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते संपवले. त्याच महिन्यात जलमार्ग पुन्हा सुरू करण्यास सौदी अरेबियाची संमती मिळाल्याचेही जाहीर झाले होते. आधुनिक जहाज तीन-चार दिवसांत पोचेल असे सांगितले गेले. त्यानंतर मुंबईच्या बंदरातून हजचे जहाज काही सुटले नाही.

वेळ वाचला म्हणतो, तेव्हा तो कुठला वाचला हेही पाहायला हवे. हज कमिटीमार्फत जायचे तर अर्ज करायचा आणि कुर्रा, म्हणजे सोडत, निघण्याची वाट पाहायची. पहिल्या वर्षी नाव लागले नाही तर दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी. पूर्वीचा माणूस मक्केत वाऱ्याची वाट पाहत थांबे. आजचा माणूस वैरागात आपल्या नंबराची वाट पाहत थांबतो. शिवाय पैसे साठवण्याची वर्षे आहेतच. शेतमजुराला, विडी कामगाराला, यंत्रमागावरच्या माणसाला विचारा, जेद्दा किती लांब? तो तासांत उत्तर देणार नाही, वर्षांत देईल.

परवानाही गेलेला नाही, तो समुद्रावरून आकाशात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. अंतर वाढवले ते माणसांनी. आणि रोगराई? २०२० मध्ये करोना आला आणि बाहेरच्या देशांतून हजला येणे बंद झाले. सौदी अरेबियात राहणाऱ्या थोड्या लोकांनाच तो करता आला. २०२१ मध्येही तेच. १८९७ मध्ये बार्शीची गाडी तयार होती आणि बंदर बंद होते. २०२० मध्ये विमाने तयार होती आणि आकाश बंद होते. त्या दोन वर्षांत मुंबई-जेद्दा अंतर पूर्वीएवढेच ३,५०० किलोमीटर होते, हे सांगण्यात काय अर्थ होता?

आमचा जिल्हा वारीचा. देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंत मोटारीने काही तासांत येता येते, हे काय वारकऱ्याला ठाऊक नाही? तरी तो अडीच-तीन आठवडे चालतो, कारण ते चालणे हीच त्याची वारी आहे. हजची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पोचल्यानंतरच विधी सुरू होतात, वाट हे साधन आहे. म्हणून विमानाने जाण्यात काही उणे नाही. पण वाटेत माणसाची जी तयारी होई, तिला आता वेळ राहिला नाही, हेही खरे. मीकातची मर्यादा विमान काही क्षणांत ओलांडते. म्हणून बरेच जण मुंबईतच एहराम नेसून विमानात चढतात. जहाजावर आठवडाभरात जे शिकायचे, ते आता तालुक्याच्या गावी भरणाऱ्या प्रशिक्षण शिबिरात शिकून घ्यावे लागते. समुद्रावरची शाळा गावात आली म्हणायची.

आमच्या जवळची वाटही आता बदलते आहे. सोलापूरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वैरागपासून सोलापूर पन्नासेक किलोमीटर. सोलापूर-मुंबई हवाई वाट तासाभराची. म्हणजे एस.टी.तली ती अख्खी रात्रही आता वाचवता येईल, अर्थात ज्याच्या खिशाला परवडेल त्याला. पुन्हा तोच प्रश्न. नवी वाट निघते तेव्हा पहिल्यांदा ती ज्यांना आधीच फार लांब नव्हते त्यांच्यासाठी निघते. जुनी स्वस्त वाट बंद करण्याआधी नवी वाट सगळ्यांसाठी झाली का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र या सगळ्या वेगाने अजून बदललेली नाही. माझ्या लहानपणी, १९८० च्या आसपास, हजला निघालेला माणूस गावात घरोघर फिरायचा. मशिदीतल्या सोबत्यांकडे जायचा, तसाच शेजारच्या माळ्याकडे, वाण्याकडे, बांधाला बांध लागलेल्या पाटलाकडे. आमच्या दख्खनी बोलीत म्हणायचा, "कहा-सुना माफ करना." मराठी घरात म्हणायचा, "काही बोललो-चाललो असेन तर मनात ठेवू नका." देणे असेल ते देऊन टाकायचा. बांधाचा जुना तंटा असेल तर तो मिटवूनच निघायचा, कारण समुद्रावरून कोण परत येतो, कोण नाही.

आज तोच माणूस पाच तासांत पोचतो, रोज घरी फोनवर चेहरा दाखवतो आणि सुमारे चाळीस दिवसांनी जमजमचे पाणी व खजूर घेऊन दारात उभा राहतो. परत येण्याची शंका कोणाच्याच मनात नसते. तरीही निघण्याआधीचे आठ-दहा दिवस तो घरोघर फिरतोच. हार घातले जातात, चहा होतो, जुन्या गोष्टी निघतात. मुंबई-जेद्दा पाच तासांत होते. पण आमच्या वैरागात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, वर्षानुवर्षे न बोललेल्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जायला अजूनही तेवढाच वेळ लागतो. ते अंतर पायीच कापावे लागते.